माझे उरले तरी काय? ख्रिस्ती घरातील मूर्ती ओळखण्याची आणि आवरण्याची रीत

मराठीत ‘मूर्तिपूजा’ हा शब्द कानावर पडला की आपल्या ख्रिस्ती माणसाची नजर पटकन शेजारच्या देवघराकडे वळते, आणि आपल्या घरात तसे काही नाही, तेव्हा हा विषय आपला नाही, असे मानून तो निर्धास्त होतो. पवित्र शास्त्रात मात्र हा इशारा पुन्हा पुन्हा देवाच्या स्वतःच्या लोकांनाच दिलेला आहे. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी सोन्याचे वासरू केले ते नुकतेच समुद्र ओलांडून आलेल्या इस्राएलांनी. मूर्तींपासून स्वतःला सांभाळा, असे बजावून योहान आपले पहिले पत्र संपवतो, आणि ते पत्र मंडळीतल्या माणसांना लिहिलेले आहे. उलट इफिसात अर्तमी देवीच्या नावाने दंगल उसळली तेव्हा जमावाला शांत करणाऱ्या शहराच्या चिटणीसाने पौलाच्या सोबत्यांबद्दल दिलेली ग्वाही अशी होती की, या माणसांनी देऊळ लुटलेले नाही आणि आमच्या देवीची निंदाही केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). म्हणून या लेखात शेजाऱ्याच्या श्रद्धेची चिकित्सा नाही. स्वतःच्या घराची झाडलोट कशी करावी, एवढाच येथे विषय आहे.

मीखाच्या घरापासून सुरुवात

शास्ते या पुस्तकाच्या १७व्या आणि १८व्या अध्यायांत मीखा नावाच्या माणसाची हकिकत आहे. ती रविवारच्या उपदेशात फारशी ऐकू येत नाही, पण या विषयाचा सगळा नकाशा तिच्यात सापडतो. मीखाने आईची रुप्याची ११०० नाणी चोरली आणि आईने दिलेल्या शापाच्या भीतीने ती परत केली. आईने ते रुपे परमेश्वराला वाहिल्याचे सांगून त्यातली २०० नाणी सोनाराला दिली आणि मूर्ती करवून घेतली. मीखाच्या घरी देव्हारा होता, एफोद म्हणजे याजकाचे वस्त्र होते, गृहदेवता होत्या. पुढे बेथलेहेमाहून आलेला एक तरुण लेवी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस, त्याला भेटला, तेव्हा वर्षाला रुप्याची दहा नाणी, कपडे आणि जेवण अशा बोलीवर त्याने त्याला आपला पुरोहित नेमले आणि म्हटले की, आता परमेश्वर माझे कल्याण करील हे मला ठाऊक आहे. नंतर दान वंशाचे ६०० हत्यारबंद लोक आले आणि मूर्ती, एफोद, गृहदेवता आणि पुरोहित असे सगळेच घेऊन गेले. मीखा शेजाऱ्यांना गोळा करून त्यांच्यामागे धावला आणि ओरडला, की मी केलेले देव तुम्ही नेले, माझा पुरोहितही नेला, आता माझे उरले तरी काय?

या हकिकतीत परमेश्वराचे नाव कुठेही सुटलेले नाही. आई त्याच्याच नावाने आशीर्वाद देते, रुपे त्यालाच वाहते, आणि मीखाही त्याच्याकडूनच भल्याची अपेक्षा करतो. सीनायजवळ अहरोनानेही वासरापुढे वेदी बांधून ‘उद्या परमेश्वराचा उत्सव आहे’ अशीच घोषणा केली होती. देवाला हाकलून दुसरे काही बसवणे असे क्वचितच घडते. देवाच्या शेजारी आणखी एक आसन मांडले जाते, आणि हळूहळू खरा भरवसा त्या दुसऱ्या आसनावर जाऊन बसतो. १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी या प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकात मूर्तिपूजेची व्याख्या करताना देवाच्या जागी किंवा देवाच्या जोडीला ज्यावर भरवसा ठेवला जातो ते, असा अर्थ दिला आहे. माझ्या मते त्यातला ‘जोडीला’ हा शब्द अधिक बोचरा आहे, कारण ‘जागी’ असलेले निदान दिसते तरी.

तेव्हा हाताशी ठेवण्याचा प्रश्न मीखाचाच. जे गेले तर ‘आता माझे उरले तरी काय’ असे तोंडातून निघेल, ते काय आहे? या प्रश्नाचे उत्तर बसल्याबसल्या विचार करून सापडत नाही, कारण विचारले की आपण सगळेच ‘प्रभू’ असे उत्तर देतो. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पहिली पायरी: सात दिवसांची वही

एक साधी वही घ्यावी आणि सात दिवस रोज रात्री चार गोष्टी लिहाव्यात: पैसा कुठे गेला, मोकळा वेळ कुठे गेला, कशाची भीती वाटली आणि कशाचा राग आला. सुरुवात सोमवारी करावी. रविवारी केल्यास पहिल्या दिवसाची नोंद उगाचच पवित्र येते. नोंद करताना स्वतःला उपदेश करू नये, फक्त काय घडले ते लिहावे.

पैशाचा रकाना सगळ्यांत सोपा, कारण मोबाईलवरून केलेल्या देण्याघेण्याची यादी फोनमध्येच असते. लोभाला पौल सरळ मूर्तिपूजा म्हणतो (कलस्सैकरांस ३:५), आणि आपल्याकडे लोभ बहुधा ‘सोय’ किंवा ‘पोरांचे भविष्य’ या नावाने वावरतो. दानार्पणाचा आकडा गेल्या पाच वर्षांत किती वाढला आणि घरखर्चाचा किती, हे शेजारीशेजारी लिहून पाहावे. लग्न हे आपल्या समाजातले मोठे उदाहरण आहे. प्रार्थनेने सुरू होणाऱ्या आणि आशीर्वादाने संपणाऱ्या लग्नासाठी चार-पाच वर्षे फेडावे लागणारे कर्ज काढले जाते. कोणासाठी काढले, असे विचारले तर ‘लोक काय म्हणतील’ याखेरीज उत्तर मिळत नाही. ज्याच्या नाराजीच्या भीतीने माणूस कर्ज काढतो, त्याला त्याने काय मानले आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वेळेच्या रकान्यात सकाळची पहिली पंधरा मिनिटे वेगळी लिहावीत. डोळे उघडल्यावर हात प्रथम कुठे जातो, एवढे पुरे. हल्ली बायबलही फोनवरच वाचतात, त्यामुळे ‘वचन वाचायला घेतला होता’ ही सबब तयार असते. पण वचनाच्या आधी तीन ठिकाणचे निरोप पाहून झाले असतील तर तसे लिहावे.

भीती आणि राग हे दोन रकाने मात्र खरे काम करतात. पैसा आणि वेळ यांत माणूस काय निवडतो ते दिसते. भीती आणि रागात त्याला काय सोडवत नाही ते दिसते. साहेबाने बैठकीत नाव घेतले नाही म्हणून दोन दिवस अन्न गोड लागले नाही, मंडळीच्या अहवालात आपल्या देणगीचा आकडा चुकीचा छापला म्हणून सचिवांना फोन केला, मुलीने वेगळी शाखा निवडली म्हणून ताट बाजूला सारले, अशा नोंदी होतात. प्रत्येक राग मूर्तीतून येत नाही; अन्याय पाहून येणारा रागही असतो आणि तो देवाला मान्य असतो. फरक बहुधा प्रमाणात दिसतो. घडलेली गोष्ट मूठभर आणि राग पोतेभर, असे असेल तिथे खूण करावी.

दुसरी पायरी: ‘का’ हा प्रश्न तीनदा

आठव्या दिवशी वही उघडावी आणि खूण केलेल्या प्रत्येक नोंदीला तीनदा ‘का’ विचारावे. वर दिसते ती सहसा मूर्ती नसते. पैशामागे सुरक्षितता असते, पदामागे मान असतो, मुलांच्या गुणांमागे कधी आपलेच राहिलेले शिक्षण असते. यहेज्केलाच्या १४व्या अध्यायात इस्राएलाचे वडीलजन संदेष्ट्यापुढे येऊन बसतात आणि देव त्याला सांगतो की, या माणसांनी आपल्या मूर्ती आपल्या हृदयांत बसवल्या आहेत. हे लोक संदेष्ट्याकडे देवाचे वचन ऐकायला आले होते, म्हणजे आजच्या भाषेत उपासनेला हजर होते. आत काय बसवलेले आहे, ते त्यांच्या हजेरीवरून कळले नसते.

येथे स्वतःचीच गोष्ट सांगतो. मी आयुष्यभर एका कारखान्यात लेथवर काम केले. डिप्लोमा व्हायचा राहून गेला होता. थोरला मुलगा बारावीत होता ते वर्ष मी पहाटे पाचला उठून प्रार्थना करत असे. इतकी नेमाची प्रार्थना मी त्याआधी कधी केली नव्हती आणि मंडळीत त्याचे कौतुकही झाले. निकाल लागला, गुण कमी पडले, अभियांत्रिकीचा प्रवेश हुकला. त्यानंतर नऊ दिवस मी मुलाशी बोललो नाही. मधल्या रविवारी मी उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना चालवली, आणि घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, देवाशी एवढे बोलता, मग पोराशी का बोलत नाही?” त्या रात्री मी पहिला ‘का’ विचारला: राग का? तो नापास नव्हता, आजारी नव्हता, वाया गेलेला नव्हता. दुसरा: मग गुण कमी पडल्याने काय बिघडले? कारखान्यात मी सांगून ठेवले होते. तिसरा: सांगून का ठेवले होते? याचे उत्तर माझ्या हुकलेल्या डिप्लोमात होते. पहाटे पाचची प्रार्थना परमेश्वराच्या नावाने होत होती हे खरे, पण दहा नाणी आणि जेवण या बोलीवर मीखाने पुरोहित ठेवला, तसाच काहीसा तो करार होता. मी उठतो, तू गुण दे.

मूर्ती सापडल्याची माझी खात्रीची खूण तीच. प्रार्थना चालू असते, पण तिला एकच उत्तर चालते. सोन्याच्या मूर्तीला नमन करायला नकार देऊन नबुखद्नेस्सर राजापुढे उभ्या राहिलेल्या तिघांनी आमचा देव आम्हाला सोडवू शकतो असे म्हटले, आणि लगेच पुढे ‘आणि जरी नाही’ असेही म्हटले (दानीएल ३:१८). आपल्या विनंतीनंतर हे ‘जरी नाही’ मोठ्याने म्हणून पाहावे. जिथे जीभ अडते तिथे वहीत नाव लिहावे.

तिसरी पायरी: देवाने दिलेल्या वस्तूंची तपासणी

हा भाग लोकांना आवडत नाही. गणनाच्या २१व्या अध्यायात मोशेने देवाच्या आज्ञेवरून पितळी साप केला आणि सर्पदंश झालेली जी माणसे त्याच्याकडे पाहत ती वाचली. शेकडो वर्षांनी हिज्कीया राजाला तो साप फोडून टाकावा लागला, कारण इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. त्याला नहुश्तान असे नावही पडले होते (२ राजे १८:४). देवाने सांगून केलेली, खरोखर उपयोगी पडलेली, इतिहासात मोलाची अशी ती वस्तू. तरी फोडली. इस्राएलाचा पुढारी गिदोन याने केलेल्या एफोदाच्याही लोक असेच भजनी लागले होते. आणि कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, रणांगणावर नेला की विजय आपलाच, असे समजून एली याजकाच्या काळात इस्राएलांनी तो छावणीत आणला, तेव्हा ३०,००० पायदळ पडले आणि कोशही शत्रूच्या हाती गेला.

आपल्या घरातले नहुश्तान कोणते? प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली घ्या. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे, त्यामुळे तेलाला नकार देण्याचे कारण नाही. पण अमक्याच सभेतून आणलेले तेल हवे, दुकानाच्या उंबरठ्याला लावले की गिऱ्हाईक वाढते, बाटली संपत आली की मन अस्वस्थ होते, असे झाले की तेलाचा ताईत झाला. गाडीच्या आरशाला लटकवलेला क्रूस, उशाखाली ठेवलेले न उघडलेले बायबल, गल्ल्यावर चिकटवलेले आशीर्वादाचे वचन यांनाही हीच कसोटी लावावी: वस्तू काढून ठेवली तर देवाची आठवण कमी होईल, की नशीब उलटेल अशी भीती वाटेल? आठवणीसाठी असेल तर राहू द्यावी. भीती वाटत असेल तर ती महिनाभर कपाटात ठेवून पाहावी.

प्रतिमांबद्दल ख्रिस्ती पंथांत जुना मतभेद आहे आणि तो येथे मिटणार नाही. ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांना द्यायचा मान आणि केवळ देवालाच करायची आराधना यांत भेद केला, आणि वसईतले किंवा गोव्यातले कॅथलिक कुटुंब आजही त्याच भेदावर उभे आहे. प्रोटेस्टंटांतल्या सुधारणावादी (रिफॉर्म्ड) परंपरेने उपासनास्थानांत प्रतिमा ठेवूच नयेत अशी भूमिका घेतली. दहा आज्ञांचे क्रमांकही दोन्हीकडे वेगळे पडतात: कॅथलिक आणि लुथरन परंपरेत प्रतिमेविषयीची आज्ञा पहिल्या आज्ञेतच धरली जाते, तर इतर प्रोटेस्टंट तिला दुसरी म्हणतात. कॅथलिक वाचकाने तो मान आणि आराधना यांतली रेघ आपल्याच मनात पुसट झाली आहे का ते पाहावे. प्रोटेस्टंट वाचकाने भिंत रिकामी आहे म्हणून मनही रिकामे आहे असे समजू नये.

भिंत रिकामी असलेल्या मंडळ्यांचे नहुश्तान बहुधा वस्तूच्या रूपात नसतात. पाळक किंवा प्रसिद्ध वक्ता हा एक. त्याच्या चुकीबद्दल बोलणाऱ्याला ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ असे सुनावून गप्प करता येते, तेव्हा तो माणूस पाळक राहिलेला नसतो. गायन हा दुसरा. जुनी गीते पेटीवरच हवीत की नवी कोरस गिटारवर, यावरून मंडळ्या दुभंगलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि गंमत अशी की आज ‘आपली परंपरा’ म्हणून ज्यांची बाजू घेतली जाते ती भजने कधीकाळी नवीच होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, कारण परदेशी घाटाची चौकट हीच श्रद्धा असे त्यांना वाटत नव्हते. तिसरा नहुश्तान इमारतीचा. एका मंडळीत नूतनीकरणाच्या वेळी देणगीदारांच्या फरशीवर कोणाचे नाव वर यावे यावरून दोन घरांत अबोला धरला गेला. ती फरशी प्रभुभोजनाच्या मेजापासून दहा फुटांवर होती.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात, कारण तिच्याबद्दल बोलायला कोणी उत्सुक नसते. बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या तरी सोयरीक जुळवताना आपल्यात पूर्वीची जात विचारली जाते, कधी गावाच्या नावाने, कधी ‘आपल्यातले’ या शब्दाने. ख्रिस्तात सगळे एक आहेत हे वचन पाठ असूनही ज्या घरात ही चौकशी होते, तिथे जातीचे आसन अजून हललेले नाही. वहीत तिची नोंद आपण होऊन येत नाही. मुद्दाम लिहावी लागते.

शेजाऱ्याचा सण आणि कारखान्यातली खंडेनवमी

मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न दरवर्षी पडतो, आणि पौलाने त्याचे उत्तर करिंथकरांस पहिल्या पत्रात ८ ते १० अशा तीन अध्यायांत दिले आहे, म्हणजे तो एका ओळीत सुटण्यासारखा नाही हे त्यालाही माहीत होते. त्याच्या सांगण्याचा गाभा असा: मूर्ती म्हणजे स्वतः काहीच नाही, बाजारात विकले जाणारे खावे, चौकशा करत बसू नये, कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खावे, पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, आणि प्रत्यक्ष पूजेत भागीदार होऊ नये.

यावरून मी स्वतःपुरती रेघ आखली आहे. दिवाळीचा फराळ शेजाऱ्याच्या प्रेमाचा आहे, तो आनंदाने घ्यावा आणि नाताळात करंज्या पाठवाव्यात. गणपतीच्या दिवसांत दारी आलेल्याशी हुज्जत घालू नये. गल्लीतल्या आरोग्य शिबिराला किंवा वाचनालयाला मदत करतो असे सांगून ती खरोखर करावी. प्रसाद हातावर ठेवला गेला तर काय करावे, याबद्दल आपल्यातच दोन मते आहेत. मी नम्रपणे नाही म्हणतो, पण जो घेतो त्याला मी पापी ठरवत नाही, कारण दुर्बळ विवेकाच्या भावाला अडखळण होऊ नये म्हणून जपणारा पौलच, खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने आपण देवाजवळ जात नाही असेही सांगतो.

कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी लेथ धुऊन पुसून लखलखीत करायचे, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. पहिल्या वर्षी मी त्या दिवशी रजा टाकली आणि मागे माझ्याबद्दल बरेच बोलले गेले. पुढच्या वर्षी फोरमनला आधीच सांगितले, “साहेब, यंत्राची सफाई मी सगळ्यांत आधी येऊन करीन, माळा आणून देईन, पण नारळ मी फोडणार नाही, आमच्या श्रद्धेत ते बसत नाही.” ते म्हणाले, “मग पेढे वाटायचे काम तुझे.” त्यानंतर पेढ्यांचा पुडा दरवर्षी माझ्याच हाती आला. माळा आणून देणे योग्य होते का, यावर एका पाळकांनी माझी कानउघाडणी केली होती. मला आजही ते चूक वाटत नाही, पण त्यांची बाजू ऐकण्यासारखी होती. देवावर नुकताच विश्वास ठेवलेल्या अरामी सेनापती नामानाने, रिम्मोन दैवताच्या देवळात राजाला हात देताना आपल्याला वाकावे लागेल, त्याची क्षमा असावी, असे अलीशा संदेष्ट्याला विचारले तेव्हा अलीशाने त्याला शांतीने जा एवढेच सांगितले (२ राजे ५:१८-१९). नव्या विश्वासणाऱ्याशी बोलताना हा प्रसंग विसरू नये. आणि बाहेरच्या पूजेबद्दल इतके जागरूक राहणारा मी, त्याच यंत्रावरच्या ओव्हरटाईमसाठी सलग किती रविवार उपासना बुडवत होतो, हे वहीने मला बऱ्याच उशिरा दाखवले.

मुहूर्त, अमावास्या, दृष्ट, वर्तमानपत्रातले राशिभविष्य यांचे काय? गाडी अमावास्येला घ्यायची नाही, असे ‘फक्त घरच्यांच्या समाधानासाठी’ पाळणारी ख्रिस्ती घरे कमी नाहीत. यावर लांबलचक चर्चा नको. पुढची खरेदी त्याच दिवशी करावी.

काढणे आणि जागा भरणे

वहीतली नावे दोन प्रकारची निघतात आणि त्यांचा उपायही दोन प्रकारचा असतो. ताईत, गंडा, पत्रिका, भविष्य यांसारख्या गोष्टी टाकून द्यायच्या असतात. इफिसात जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली आणि त्यांची किंमत रुप्याची ५०,००० नाणी भरली. ती विकून पैसे गरिबांना द्यावेत असाही सोयीचा विचार कोणी केला नाही. याकोबाने बेथेलला जाण्यापूर्वी घरच्यांकडचे परके देव आणि कानांतली कुंडले घेऊन शखेमाजवळच्या झाडाखाली पुरली. पण मूल, नोकरी, घर, सेवा, मान यांना टाकून देता येत नाही आणि देऊही नये. त्यांना त्यांच्या जागी परत बसवायचे असते, आणि हे काम अवघड आहे.

त्यासाठी प्रथम नाव घेऊन कबुली द्यावी. ‘प्रभू, माझ्या सर्व मूर्ती दूर कर’ ही प्रार्थना ऐकायला चांगली वाटते, पण तिच्यात लपायला खूप जागा असते. ‘मुलाच्या गुणांवर मी माझी किंमत ठेवली’ असे म्हणावे, आणि ज्याला त्याचा त्रास झाला त्यालाही ते सांगावे. मी दहाव्या दिवशी मुलाची माफी मागितली. तो काहीच बोलला नाही, फक्त पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला.

मग त्या गोष्टीची पकड सैल करणारी एक ठरावीक कृती करावी. पैशाची पकड द्यायला लागल्याशिवाय सुटत नाही, आणि द्यायचे ते आकडा जाणवेल इतके, शक्यतो कोणाला न कळता. फोनची पकड असेल तर तो रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि गजरासाठी जुने घड्याळ काढावे. मानाची पकड असेल तर वर्षभर असे काम घ्यावे ज्याची नोंद अहवालात होत नाही: उपासनेनंतर सतरंज्या घड्या करणे, आजाऱ्याला दवाखान्यात डबा पोचवणे. कामाची पकड असेल तर रविवार खरोखर मोकळा ठेवावा, आणि त्या दिवशी मन किती तळमळते ते पाहावे.

तेवढ्यावर थांबू नये. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून सुशोभित झाले, पण रिकामे राहिले, आणि तो आणखी सात घेऊन परत आला, असा दाखला प्रभूने दिला आहे (मत्तय १२:४३-४५). सुरक्षिततेची मूर्ती काढली तर देवाच्या विश्वासूपणाची स्तोत्रे रोज तोंडात बसवावीत. मानाची काढली तर पापी असताना ख्रिस्ताने आपल्यावर प्रेम केले हे वचन. कुटुंबप्रार्थनेत मागण्यांच्या आधी उपकारस्मरण घ्यावे, आणि ते मोघम नको: आज काय मिळाले ते प्रत्येकाने एकेक सांगावे. लहान मुले यात आपल्याला मागे टाकतात.

राखण

एकदा झाडलेले घर वर्षभर स्वच्छ राहत नाही. मी दरवर्षी उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात, राखेच्या बुधवारपासून, सात दिवसांची वही पुन्हा लिहितो. ज्यांच्या परंपरेत उपवासकाळ नाही त्यांनी वर्षाचा कोणताही आठवडा ठरवावा, पण नोकरी बदलली, घर बांधायला काढले, मुलाचे लग्न ठरले किंवा मंडळीत पद मिळाले, तर ठरलेल्या आठवड्याची वाट पाहू नये. मूर्ती बसतात त्या अशाच दिवसांत, आनंदाच्या गडबडीत. आपल्याशी स्पष्ट बोलेल असा एक माणूस ठेवावा आणि त्याला महिन्यातून एकदा विचारू द्यावे की, हल्ली तुझ्या बोलण्यात कोणता विषय सारखा येतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. सापडलेली प्रत्येक गोष्ट त्याच वर्षी सुटेल अशी अपेक्षा धरू नये. काही नावे माझ्या वहीत सलग आठ वर्षे आली आहेत, फक्त त्यांच्यापुढच्या ओळी कमी झाल्या.

वही कोणालाही दाखवत फिरू नये, तिच्यात इतरांचीही नावे असतात. पुनरुत्थानाच्या रविवारनंतर मी त्या वर्षाची पाने फाडून टाकतो. तोवर ती कपाटात असते आणि बायकोला वाचायची मुभा असते. मागच्या वर्षी चौथ्या दिवशी मी रागाचा रकाना कोरा सोडला होता. सकाळी पाहिले तर त्यात तिच्या अक्षरात लिहिले होते: संध्याकाळी चहा उशिरा झाला तेव्हा.